मदत हवी आहे: मोबाईलवरचा तबला इंटरफेसमध्ये शिरला की गायब (तातडीचं)

काळी_एक
जाणकारांनो, जरा लवकर. स्कारलेट 2आय2 ला (लॅपटॉपवर रेकॉर्डिंगसाठीचा ऑडिओ इंटरफेस) मोबाईल जोडलाय. अॅपवर दोन तानपुरे आणि विलंबित एकताल लावलाय. फोनला हेडफोन लावला तर सगळं खणखणीत. इंटरफेसला जोडलं की तबला गुल, आणि तानपुरे येतात ते विहिरीतून आल्यासारखे. केबल बदलून झाली, गेन पूर्ण फिरवून झाला. उद्या संध्याकाळी रेकॉर्डिंग पाठवायचंय. ड्रायव्हर व्यवस्थित आहे, तो सल्ला कृपया नको.

डेसिबल_दादा
ड्रायव्हर काढून परत टाका. रीपरमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) एसिओ ड्रायव्हर निवडलंय ना? बफर 128 ठेवा, 48 किलोहर्ट्झला तो जेमतेम पावणेतीन मिलिसेकंदांचा होतो.

काळी_एक
दादा, शेवटची ओळ वाचा हो.

सोल्डरगन
केबल कोणती ते सांगितलंच नाहीत. दोन्ही टोकांच्या पिनांवर काळ्या रेघा किती? कुठल्या इनपुटला लावली? इन्स्टचा (गिटारसारख्या वाद्यासाठीच्या बटणाचा) दिवा चालू की बंद? दुसऱ्या इनपुटला काय आहे?

काळी_एक
केबल साधीच हो. फोनकडे बारीक पिन, इंटरफेसकडे जाडी. रेघा दोन्हीकडे दोन-दोन. इनपुट 2. इन्स्ट बंद. इनपुट 1 ला कंडेन्सर माईक, त्याला लागणारा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा चालू. केबलचा काय संबंध? नवी कोरी आहे.

सोल्डरगन
सगळा संबंध केबलचाच आहे. दोन रेघा म्हणजे स्टिरिओ पिन. फोन टोकावर डावा चॅनल देतो, मधल्या कडीवर उजवा. पण इंटरफेसचं लाइन इनपुट बॅलन्स्ड असतं. त्याच्या लेखी टोक म्हणजे सिग्नल आणि कडी म्हणजे त्याच सिग्नलची उलटी प्रत. तो टोकातून कडी वजा करतो, म्हणजे तुमच्या बाबतीत डावा वजा उजवा.

तबला मधोमध आहे, दोन्ही चॅनलवर सारखाच. वजाबाकी शून्य, तबला गेला. तानपुरे बहुधा एक डावीकडे, एक उजवीकडे पॅन केलेत, म्हणून ते वाचले. तबल्याची थोडी धूळ ऐकू येत असेल तर ती रिव्हर्बची. नवी केबल आणलीत तरी जात तीच, म्हणून फरक पडला नाही. गेन वाढवून तर काहीच होणार नाही, जे आत येतच नाही ते मोठं काय करणार?

खात्री करायची असेल तर फोनच्या अॅक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ चालू करा. आता तानपुरेही गेले तर निदान पक्कं.

मिक्सरवाला
एवढी डोकेफोड कशाला? चार चॅनलचा छोटा मिक्सर घ्या, फोन त्याच्या स्टिरिओ चॅनलला लावा, मेन आउटमधून इंटरफेसला. आयुष्यभराची कटकट मिटली.

काळी_एक
बाप रे! मोनो केल्यावर खरंच सगळं बंद. म्हणजे वजाबाकीच. आता करू काय? मिक्सर घ्यायचा नाही, जागा नाही.

तारषड्ज
फोनच्या पिनेपासून थेट कॅननची (माईकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीची) केबल मिळते. ती माईकसारखी लावून टाका, माईक प्रीअॅम्पला दणदणीत आवाज येतो.

सोल्डरगन
@तारषड्ज, असलं काही सांगू नका हो. त्या स्टिरिओ केबलींमध्ये बहुतेक वेळा डावा दोन नंबरच्या पिनेवर आणि उजवा तीनवर असतो. म्हणजे वजाबाकी तशीच राहिली. वर 2आय2 ला 48 व्होल्टचं बटण दोन्ही इनपुटांना मिळून एकच. यांचा कंडेन्सर चालू आहे, म्हणजे तो दाब कॅननमधून सरळ फोनच्या हेडफोन आउटवर जाणार. काळी_एक, जाडी पिन लावताय तोवर काळजी नाही, कॉम्बो सॉकेटात (कॅनन आणि जाडी पिन दोन्ही घेणाऱ्या) फँटम फक्त कॅननच्या पिनांवर असतो.

पाचवा_काळा
आज रात्रीचा उपाय, पैसा न घालवता: मोनो ऑडिओ चालूच ठेवा आणि त्याच पानावरचा डावा-उजवा बॅलन्स पूर्ण डावीकडे सरकवा. मोनोमुळे दोन्ही तानपुरे आणि तबला डाव्यात एकत्र येतात, उजवा मुका होतो. सगळं वजा शून्य म्हणजे सगळं. आधी हेडफोन लावून बघा, उजव्या कानात पूर्ण शांतता हवी. मग फोनचा आवाज 80 टक्क्यांच्या आसपास, इंटरफेसचा गेन तळापासून हळूहळू वर, समेचा ठोका उणे 12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

सोल्डरगन
पाचवा_काळा, हे बेस्ट. कायमचं करायचं तर दुकानात "स्टिरिओ ईपी टू दोन पी-38 मोनो" मागा (ईपी म्हणजे फोनची बारीक पिन, पी-38 म्हणजे जाडी). जाड्या पिनांवर एकच काळी रेघ हवी. एक पिन इनपुट 2 ला, दुसरी मोकळी, पण तिचं टोक धातूला टेकू देऊ नका. फोनवर मोनो तेव्हाही चालूच, नाहीतर उजवीकडचा तानपुरा हरवेल.

हातात सोल्डर असेल तर त्याहून बरं: डाव्याला एक 1 किलोओहम, उजव्याला एक 1 किलोओहम, दोन्हींची दुसरी टोकं मिळून एका मोनो पी-38 च्या टोकाला, शील्ड शील्डला. पाव वॉटचे रेझिस्टर पिनेच्या आवरणात सहज मावतात, फक्त त्यांवर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवा. रेझिस्टर न घालता डावा-उजवा नुसता पिळून जोडू नका, दोन आउटपुट एकमेकांवर जोर काढत बसतात.

रियाझी
मुळात लाइव्ह घ्यायचंच कशाला? अॅपमधून ठेक्याची फाइल काढा, रीपरमध्ये एका ट्रॅकवर टाका, वर गा. केबल नाही, खरखर नाही, चुकलं तर तेवढंच आवर्तन परत रेकॉर्ड, म्हणजे पंच-इन.

पाचवा_काळा
आणि विलंबितात लय अर्धा बोट पुढे न्यावीशी वाटली तर? फाइल गाणाऱ्याचं ऐकत नाही.

रियाझी
रीपरमध्ये जागोजागी लय बदलायला टेम्पो मॅप असतो.

पाचवा_काळा
गाताना माउस कोण धरणार?

काळी_एक
चाललं!! बॅलन्स डावीकडे केला, तबला खणखणीत आला. पण आता माझा आवाज फक्त डाव्या कानात आणि तबला-तानपुरा फक्त उजव्या कानात.

सोल्डरगन
इंटरफेसचा डायरेक्ट मॉनिटर (इनपुट थेट हेडफोनला देणारा) स्टिरिओवर आहे, मोनोवर करा. इनपुट 1 डावीकडे आणि 2 उजवीकडे जातं म्हणून तसं होतंय. रीपरमध्येही एक स्टिरिओ ट्रॅक नको, दोन मोनो ट्रॅक घ्या, म्हणजे नंतर तानपुरा कमीजास्त करता येईल. हो, आणि रीपरमधलं ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर आवाज दुहेरी येऊन कंगव्यासारखा पोकळ होतो.

डेसिबल_दादा
हेडफोन बंद पाठीचा वापरा. उघड्या हेडफोनमधून ठेका कंडेन्सरमध्ये झिरपतो, मग गाण्याच्या ट्रॅकवरून तो काही केल्या निघत नाही.

काळी_एक
धन्यवाद मंडळी. शेवटचं: फोन चार्जिंगला लावला की घूंऽऽ येतं.

पाचवा_काळा
लावू नका. लॅपटॉपचं अर्थिंग आणि फोनच्या चार्जरचा रस्ता एकत्र येऊन लूप होतो. फोन आधी भरून ठेवा आणि एअरप्लेन मोडवर टाका, नेटवर्कची टिकटिकही जाईल. चार्जिंग लागणारच असेल तर फोन आणि इंटरफेसच्या मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल माईकच्या जोडणीला देणारी डबी), त्यातला ट्रान्सफॉर्मर लूप तोडतो. पण त्याचं आउटपुट कॅनन असतं, म्हणजे 48 व्होल्ट त्याच्यावर जाणार. ट्रान्सफॉर्मरवाला बॉक्स ते पचवतो.

तारषड्ज
पी-38 ची केबल पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल.

मिक्सरवाला
लॅमिंग्टन रोडला जास्त चॉइस. मिक्सरही तिथेच बघून घ्या.

तारषड्ज
एका केबलसाठी मुंबई?

गोड_गंधार
नमस्कार, याच धाग्यात विचारते. पेटी रेकॉर्ड करताना माईक भात्याकडे ठेवावा की सुरांकडे?

डेसिबल_दादा
ताई, ड्रायव्हर कोणता टाकलाय?