अनुभव धागा : 'हे युद्ध समर्थनीय होते का?' असा जाहीर वादविवाद घेताना

लढाईचे समर्थन आणि विरोध, दोन्ही बाजू नीट ऐकवणारे कार्यक्रम पुण्यात व्हायला हवेत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते हे शहर, आणि दक्षिण कमांडचे मुख्यालयही इथलेच. असे कार्यक्रम घेणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी, परीक्षकांनी आपला अनुभव कृपया तपशिलात लिहावा. काय करायचे, कुठे बिनसते, का बिनसते, एवढेच पुरे.

सूत्रसंचालक, सदाशिव पेठ

विषय 'युद्ध योग्य की अयोग्य' असा ठेवला की पहिल्या दहा मिनिटांत सगळे शांततेच्या बाजूचे होतात आणि वाद संपतो. ठरावात देश, तारीख आणि निर्णय घेणारा हे तिन्ही यायलाच हवेत. उदाहरणार्थ : '१८ मार्च २००३ रोजी ब्रिटिश संसदेने इराकवरील कारवाईला दिलेली संमती चुकीची होती.' (४१२ विरुद्ध १४९ मतांनी ती मिळाली होती.) आता वक्त्याला त्या दिवशी त्या खुर्चीत बसून बोलावे लागते.

वेळ : प्रत्येक बाजूला दोन वक्ते, प्रत्येकी ८ मिनिटे. मग खंडनाला ५-५ मिनिटे आणि चिठ्ठ्यांवरच्या प्रश्नांना अर्धा तास. सातव्या मिनिटाला एक घंटा, आठव्याला दोन. मतदान आधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या. एकाच चिठ्ठीच्या दोन भागांवर एकच क्रमांक छापून मधे फाडायची सोय ठेवा. नुसती हात वर करून मोजणी केली तर किती जणांचे मत खरोखर बदलले ते कळत नाही, कारण इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे गेले की बेरीज तीच राहते. उशिरा आलेल्यांना चिठ्ठी देऊ नका.

कायदा शिकवणारी, प्रभात रोड

वक्त्यांना आधी कागदावर एकच प्रश्न द्या : तुमचे समर्थन कायद्याचे आहे, नीतीचे की हिताचे? हे तीन एकमेकांत मिसळले की वाद घसरतो. एक बाजू सनदेवर बोलते, दुसरी अत्याचारांवर, आणि दोघांनाही आपण जिंकलो असे वाटते.

कायद्याचा गाभा छोटा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) बळाचा वापर निषिद्ध ठरवते. अपवाद दोनच : कलम ५१ खालील स्वसंरक्षण आणि सुरक्षा परिषदेची परवानगी. इराकच्या वादात ठराव ६७८ (१९९०), ६८७ (१९९१) आणि १४४१ (नोव्हेंबर २००२) यांची साखळी फळ्यावर लिहाच. ६७८ ने कुवेतसाठी बळ वापरायची परवानगी दिली. ६८७ मध्ये युद्धबंदीच्या अटी होत्या, त्यांत इराकने संहारक शस्त्रे सोडणेही होते. १४४१ पंधरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. त्यात इराकला शेवटची संधी आणि गंभीर परिणामांचा इशारा होता, पण बळाची थेट परवानगी नव्हती. जुनी परवानगी पुन्हा जिवंत झाली का, यावरच सगळा वाद उभा आहे. वक्ता हे तीन ठराव वाचून आला नसेल तर त्याला व्यासपीठावर बसवू नये, असे माझे ठाम मत आहे.

कोसोव्होसाठी नाटोने युगोस्लाव्हियावर केलेली हवाई कारवाई (१९९९) हे वेगळे प्रकरण. तिथे परिषदेची परवानगी नव्हती, आणि नंतरच्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगाने कारवाईला बेकायदा पण नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरवले.

अभ्यासमंडळ चालवणारे, कोथरूड

पुराव्यासाठी तीन रकाने आखा : दावा, त्या दिवशी काय माहीत होते, नंतर काय निघाले. इराकमध्ये रकाने असे भरतात. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराककडे संहारक शस्त्रे असल्याचे पुरावे मांडले. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल्‌बरादेई यांनी इराकच्या नायजरशी झालेल्या कथित युरेनियम व्यवहाराची कागदपत्रे खरी नसल्याचे सांगितले. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांचे मुख्य शस्त्रतपासनीस ब्लिक्स यांनी तपासणीच्या उरलेल्या कामाला काही महिने लागतील असे म्हटले. २० मार्चला हल्ला सुरू झाला. संहारक शस्त्रांचे साठे न सापडल्याचा अहवाल २००४ मधला, ब्रिटनच्या सहभागाच्या चौकशीचा चिल्कॉट अहवाल जुलै २०१६ मधला. हे शेवटचे दोन तिसऱ्या रकान्यातच राहिले पाहिजेत. विरोधी वक्ता ते दुसऱ्या रकान्यात ढकलतो आणि समर्थक ७ मार्च गाळतो, या दोन्ही गोष्टींवर सूत्रसंचालकाने तिथेच बोट ठेवावे.

'खोटे बोलले' आणि 'चुकले' यांतले काय सिद्ध करायचे आहे तेही वक्त्याने आधी सांगावे. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकन युद्धनौकेवर २ ऑगस्ट १९६४ चा हल्ला झाला होता. ४ ऑगस्टचा झालाच नव्हता. तरी ७ ऑगस्टला अमेरिकन प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी व्हिएतनाममध्ये बळ वापरायची मोकळीक देणारा ठराव मंजूर झाला. तीन दिवसांत कोणी, काय तपासले? एवढ्या एका प्रश्नावर अख्खा तास जाऊ शकतो, आणि तो जाऊ द्यावा.

सैन्यात सेवा केलेला, वानवडी

१९७१ घेतले की आपले वक्ते '३ डिसेंबरला पाकिस्तानने विमानतळांवर हल्ला केला' इथून सुरू करतात. ही बाजू कच्ची आहे. पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरची लढाई २०-२१ नोव्हेंबरची, म्हणजे आपल्या तुकड्या त्याआधीच सीमेपलीकडे होत्या. समोरचा जाणकार असला तर हे पहिल्याच खंडनात काढतो. भक्कम मांडणी मार्चपासून करावी : ढाक्यातली कत्तल, संसदेचा ३१ मार्चचा ठराव, सुमारे एक कोटी निर्वासित, त्यांचा भार, आणि महिनोन्‌महिने राजधान्या फिरूनही न मिळालेला तोडगा. विरोधी बाजूनेही ७ डिसेंबरचे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे मतदान मांडावे : युद्धबंदीच्या बाजूने १०४, विरोधात ११, तटस्थ १०. ते लपवून जिंकण्यात अर्थ नाही. आपली बाजू त्यासकटही उभी राहते असे मला मनापासून वाटते.

सभागृहात शहिदांचे कुटुंबीय असतात. युद्धात उतरण्याचा निर्णय आणि युद्धातले सैनिकांचे वर्तन या दोन वेगळ्या चौकशा आहेत, हे सुरुवातीलाच सांगा. निर्णयावरची टीका जवानावरची टीका ठरत नाही.

संसदीय कामकाजाची अभ्यासक, डेक्कन

'आपल्याकडे संसदेने मतदान का केले नाही?' ही चिठ्ठी हमखास येते. राज्यघटनेत युद्धापूर्वी संसदेची संमती घेण्याची अट नाही. लोकसभेत नियम १९३ खालच्या चर्चेत मतदान होत नाही, १८४ खाली होते. कोणता नियम लावला ते आधी पाहा, मग बोला.

संस्कृतची शिक्षिका, कर्वेनगर

युद्ध हा खरोखर 'शेवटचा उपाय' होता का, ही कसोटी तपासायला महाभारतातले उद्योगपर्व उत्तम. अर्ध्या राज्यावरून मागणी पाच गावांवर येते, आणि सुईच्या टोकावर मावेल एवढी जमीनही नाकारली जाते. कोणत्याही युद्धाला हाच प्रश्न लावा : शेवटची मागणी काय होती, ती पूर्ण करणे समोरच्याला शक्य होते का, मुदत कोणी ठरवली? वरच्या कोथरूडच्या दादांच्या तक्त्यात चौथा रकाना याचाच करावा.

परीक्षक, औंध

मृतांचे आकडे वक्त्याकडून पूर्ण लिहून घ्या : कोणता काळ, फक्त नागरिक की सगळे, नोंदवलेले मृत्यू की घरोघरच्या पाहणीवरून काढलेला अंदाज. इराकबद्दल २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला सुमारे ६ लाख ५५ हजारांचा आकडा पाहणीवरचा, वाढीव मृत्यूंचा अंदाज आहे. 'इराक बॉडी काउंट' या मृत्यू नोंदवणाऱ्या प्रकल्पाचा आकडा बातम्या आणि नोंदींत आलेल्या नागरिकांच्या हिंसक मृत्यूंचा, म्हणून खूपच लहान. एक वक्ता पहिला वापरतो, दुसरा त्याला खोटारडा म्हणतो. दोघांची मोजणीच वेगळी. या तीन गोष्टी आकड्याशेजारी नसतील तर मी त्या मुद्द्याला गुण देत नाही.