श्रीलंका, जानेवारीअखेर: स्वेटर न्यायचे की नाही? (मदत हवी आहे)

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नऊ दिवस श्रीलंकेला निघालोय. मी, नवरा, आठ वर्षांचा लेक आणि साबा (म्हणजे सासूबाई, वय ६८). कोलंबो, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया आणि शेवटी मिरिसाचा समुद्र. गाडी ठरली, हॉटेलं ठरली, घोडं अडलंय ते बॅगेवर. तिकिटात माणशी १५ किलोच आहेत.

विषुववृत्त जवळ म्हणून आधी सगळे सुती कपडे काढून ठेवले. मग कळलं की नुवारा एलिया साधारण १,८७० मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षा पाचेकशे मीटर उंच! जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास, आणि खाली कोलंबोत दुपारी तीस-एकतीस. "केरळच तर आहे" म्हणत मुन्नारला लेकाला हाफ पँटवर नेलं होतं, ते साबा अजून ऐकवतात.

दोन रात्रींसाठी चौघांचे स्वेटर नऊ दिवस वागवायचे का? तिथे मिळतील का? साबा पाचवारी नेसतात. सिगिरियाच्या कातळावरच्या किल्ल्याच्या बाराशेच्या आसपास पायऱ्या साडीत जमतील? कँडीच्या दळदा मंदिरात (बुद्धाचा दात ठेवलाय ते) कपड्यांचे नियम किती कडक आहेत?

प्रतिसाद
नुवारा एलियाच्या बाजारात गरम जाकिटं मिळतात, पण पोहोचाल संध्याकाळी, थंडी वाजेल त्याच रात्री. लेकाचं आणि साबांचं घरूनच न्या. तुम्हा दोघांना जाड स्वेटर नकोतच. अंगाला चिकटणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, वर पातळ लोकरी, त्यावर विंडचीटर. विंडचीटर मिरिसालाही कामी येतो: देवमासे पाहायला बोट पहाटेच निघते आणि वारा झोंबतो. जाकीट विमानात अंगावरच घाला, वजनात धरत नाहीत.
जीन्स एकच न्या. डोंगरात ओली झाली की दोन दिवस वाळत नाही.

प्रतिसाद
हॉर्टन प्लेन्सला जाणार असाल तर कानटोपी हवीच. ते पठार २,१०० मीटरच्या वर आहे, जानेवारीत कधी गवतावर दंव गोठतं. 'वर्ल्ड्स एंड'चा कडा नऊ-दहानंतर धुक्यात जातो, म्हणून सगळे अंधारात निघतात. आम्ही निघताना तीन थर घातले होते, परतताना एकेक काढत आलो.

मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेसुद्धा. नवऱ्याच्या बर्म्युडाचा हट्ट मोडून काढा :) टोपी आणि चपला बाहेर. डांबुल्लाच्या लेण्यांत जाणार असाल तर जुने पायमोजे बरोबर ठेवा, दुपारी फरशी अशी तापते की माणूस नाचतच दर्शनाला जातो. बुद्धाचं चित्र छापलेला टी-शर्ट तर अजिबात नको, त्यावरून अडवतात.

प्रतिसाद
माझ्या आईने सिगिरिया पंजाबी ड्रेसवर केलं. वर लोखंडी जिने आहेत आणि वारा जोरदार, साडीचा पदर सांभाळायचा की कठडा धरायचा? सकाळी दार उघडताच चढा. साबांना नसेल जमत तर वाटेतल्या सिंहाच्या शिल्पाच्या पंजांपाशी सावलीत बसू द्या, तिथवर आल्या तरी पुष्कळ. आणि त्यांची शाल पर्समध्येच असू द्या. थंडीत पांघरूण, मंदिरात खांद्यावर, गाडीच्या एसीत पायांवर.

पूर्व किनाऱ्याला जाणार नाही ना? तिकडे डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी पाऊस. मिरिसा त्या दिवसांत कोरडं असतं.

धागाकर्ती
सर्वांचे आभार! पूर्व किनारा नाही. स्वेटर दोनच घेतले, बाकी थर. साबा पंजाबी ड्रेसला कशाबशा तयार झाल्यात, पण "समुद्रावर साडीच" अशी अट घातली आहे. आता एकच राहिलं: पोहण्याचे ओले कपडे शेवटच्या दिवशी विमानात कसे आणता? आमचं परतीचं विमान दुपारचं आहे आणि लेक सकाळी पाण्यात उतरणार हे नक्की.