वाळूवर छोटी फोर-बाय-फोर: हवा किती आणि टायर कोणते

पहिले पत्र: प्रश्नकर्ते सभासद

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

मंडळातील काही कुटुंबांनी आखलेल्या वाळूतील सहलीसाठी मी नाव नोंदवले आहे. माझी गाडी तीन दारांची, हाताने गिअर बदलण्याची सुझुकी जिम्नी ही छोटी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ देता येणारी गाडी आहे. तिला कारखान्यातून आलेले १९५/८० आर १५ मापाचेच (रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंचांची) टायर आहेत, आणि दाराच्या चौकटीवरील पट्टीत पुढच्या व मागच्या चाकांसाठी २६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब दिलेला आहे. गटातील बाकीच्या गाड्या वजनाने माझ्या गाडीच्या दुपटीच्या आसपास असून त्यांचे मालक वाळूवर १८ पीएसआय ठेवतात. एका परिचितांचा आग्रह आहे की मी मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे चिखलाचे टायर बसवूनच यावे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की २० पीएसआयच्या खाली गेल्यास टायर रिमवरून निघतो. टायर बदलावेत का, बदलायचे तर कोणत्या मापाचे घ्यावेत आणि हवा किती ठेवावी, याविषयी अनुभवी सभासदांनी कारणांसह लिहावे, ही विनंती. कारण समजले तर प्रसंगानुसार आकडा मला स्वतःला ठरवता येईल.

आपला नम्र,
एक सभासद

दुसरे पत्र: एक ज्येष्ठ सभासद

सप्रेम नमस्कार.

आपण कारणे विचारलीत याचा मला मनापासून आनंद झाला, कारण एका गाडीचा आकडा दुसऱ्या गाडीला तसाच लावण्याच्या सवयीमुळेच हलक्या गाड्या वाळूत विनाकारण रुततात, असे माझे ठाम मत आहे. टायरांचा विचार आपण नंतर करू. आधी हवेचा करू, कारण हवा बदलायला काहीच खर्च येत नाही आणि तिचा परिणाम नव्या टायरांपेक्षा कितीतरी मोठा असतो.

गाडीचे वजन मुख्यतः टायरमधील हवा पेलते. त्यामुळे एका चाकावरच्या वजनाला हवेच्या दाबाने भागले की टायर जमिनीला किती जागेत टेकतो, म्हणजे त्याचा ठसा किती मोठा आहे, याचा ढोबळ अंदाज मिळतो. आपली जिम्नी रिकामी सुमारे ११०० किलो भरते. दोन माणसे, इंधन, पाणी आणि सामान मिळून ती १३५० किलो धरली, तर एका चाकावर ३४० किलोच्या आसपास भार येतो. २६ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.८३ किलो; या हिशेबाने ठसा साधारण १८५ चौरस सेंटिमीटरचा होतो, आणि हवा निम्मी म्हणजे १३ पीएसआय केली की तो ३७०च्या जवळ जातो. प्रत्यक्षात तो इतका वाढत नाही, कारण रबर, धागे आणि तारा यांचा टायरचा सांगाडाही थोडे वजन उचलतो. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवावा, कारण हलक्या गाडीचे गणित याच ठिकाणी वेगळे होते.

हवा कमी केल्यावर टायर रुंद होतो आणि म्हणून तो तरंगतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे, परंतु ती अपुरी आहे. ठसा रुंदीत थोडासाच वाढतो. खरी वाढ लांबीत होते. टायर जितका खोल जातो तितका उंच वाळूचा बांध त्याच्यासमोर तयार होतो आणि इंजिनाला तो बांध अखंड ढकलत राहावे लागते. लांब ठशाचा टायर कमी खोल जातो, शिवाय त्याच्यासमोरचा बांध रुंदावत नाही. आपल्यासारख्या लहान इंजिनाच्या गाडीत उधळायला शक्ती शिल्लक नसते, म्हणून हा फरक मोठ्या गाडीपेक्षा आपल्याला अधिक जाणवेल. राल्फ बॅगनॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० आणि १९३०च्या दशकांत फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए गाड्या लिबियन वाळवंटात नेल्या, तेव्हा त्या गाड्यांना फक्त मागच्या चाकांची ओढ होती. तरीही टायरमधील हवा कमी करून, उतारचढावाला सरळ सामोरे जाऊन आणि रुतलेल्या चाकांखाली पोलादी पन्हळ्या घालून त्यांनी वाळूचे मोठे डोंगर ओलांडले. दुसऱ्या महायुद्धातील डक नावाच्या उभयचर ट्रकमध्ये तर चालकाला बसल्या जागेवरून टायरमधील हवा कमीअधिक करण्याची सोय होती. पाण्यातून वाळूच्या किनाऱ्यावर चढायचे तर हेच लागते, हे त्याच्या रचनाकारांना पुरते समजले होते.

आता आपल्या आकड्याकडे वळू. जी जड गाडी रस्त्यावर ३६ पीएसआयवर चालते, तिने १८ ठेवले म्हणजे हवा निम्मी केली. आपण २६वरून १८वर आलात, तर फक्त तीन दशांशांच्या आसपास घट झाली, आणि त्यातही आपल्या गाडीचे वजन कमी असल्यामुळे टायरचा सांगाडा त्या मानाने ताठ उभा राहतो. म्हणूनच जड गाडीचा टायर १८ला छान पसरलेला दिसतो, तर आपला त्याच दाबाला जेमतेम वाकलेला असतो. माझ्या मते ओलसर, घट्ट वाळूवर १८, साध्या मऊ वाळूवर १५ किंवा १४ आणि टेकड्यांमध्ये १२ हे आकडे आपल्या गाडीसाठी सुरुवातीला योग्य ठरतील. रुतल्यावर बाहेर निघण्यापुरते १०पर्यंत खाली जावे, परंतु बाहेर पडताच पुन्हा १२वर यावे.

आकड्यापेक्षाही भरवशाची एक खूण सांगतो. पूर्ण हवा असताना, गाडी सपाट जमिनीवर उभी करून, रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून ठेवावे. मऊ वाळूसाठी हवा काढताना हे अंतर मूळच्या सुमारे तीन चतुर्थांश उरेल इथवर यावे. टायर कोणत्याही कंपनीचा असो, त्याची बाजू ताठ असो की मऊ, गाडी रिकामी असो की भरलेली, ही मोजणी या सगळ्या फरकांना आपोआप सामावून घेते.

टायर रिमवरून निघण्याची भीती खोटी नाही, मात्र २० हा आकडा त्याची सीमा नव्हे. टायरची कड रिमच्या खाचेत हवेच्या दाबाने बसलेली असते, आणि ती सुटते ती बाजूने येणाऱ्या जोरामुळे. वेगात असताना स्टिअरिंग झटक्याने वळवणे, उतारावर आडवे जाणे किंवा आडव्या घसरणाऱ्या चाकाने एखाद्या कडक उंचवट्याला धडकणे ही त्याची नेहमीची कारणे होत. हलक्या गाडीत हा जोर कमी असतो, त्यामुळे १२ पीएसआयवर सावकाश, मोठ्या वळणाने चालवणाऱ्याला सहसा त्रास होत नाही. दुसरा धोका उष्णतेचा आहे. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेरीत वाकते आणि सरळ होते, त्यातून ती तापते, आणि वेग वाढला की टायर आतून खराब होऊ लागतो. १५ आणि त्याखालच्या दाबावर ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये, आणि १२वर त्याहूनही सावकाश चालवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

राहिला प्रश्न चिखलाच्या टायरांचा. ते मुळीच घेऊ नयेत. त्यांचे मोठे ठोकळे चिखलात रुतून खालच्या घट्ट थराला पकडण्यासाठी असतात. वाळूत खाली पकडण्याजोगे काही नसते, तेथे तेच ठोकळे फावड्याप्रमाणे वाळू उपसतात आणि चाक स्वतःसाठी खड्डा खणते. आपल्या गाडीवरचे रस्त्याचे टायर अर्धे झिजलेले असले तरी वाळूवर ते चिखलाच्या नव्या टायरांपेक्षा बरे चालतील. आहेत त्याच टायरांवर यावे.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

तिसरे पत्र: एक सभासद भगिनी

सप्रेम नमस्कार.

काकांच्या पत्रातील हवेविषयीचे प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. टायरांविषयी मात्र माझे मत किंचित निराळे आहे. सहल निव्वळ वाळूची असली तरी वाळूपर्यंत पोहोचण्याची वाट बहुधा खडकाळ असते, आणि रस्त्याच्या टायरची पातळ बाजू अणकुचीदार दगडाने सहज चिरते. बाजूला पडलेली चीर वाटेत दुरुस्त होत नाही. म्हणून आपले टायर तसेही बदलण्याच्या बेतात असतील, तर मध्यम नक्षीचे ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे टायर घ्यावेत. मात्र जड व्यावसायिक गाड्यांसाठी बनवलेला, अधिक थरांचा टायर टाळावा. त्याची बाजू इतकी ताठ असते की अकराशे किलोच्या गाडीखाली तो १५ पीएसआयलाही फारसा वाकत नाही, आणि मग काकांनी सांगितलेला लांब ठसा मिळतच नाही. मूळच्या टायरांवर ९६ हा भारनिर्देशांक असतो, म्हणजे पूर्ण हवेत एका टायरची क्षमता ७१० किलो. नवा टायर गाडीच्या कागदपत्रांत दिलेल्या निर्देशांकाच्या खाली जाऊ नये. त्याच्या फार वर जाण्यातही फायदा नाही.

मापाविषयी सांगायचे तर, वाळूवर टायरच्या बाजूची उंची रुंदीपेक्षा अधिक उपयोगाची असते, कारण जितकी उंच बाजू तितकी तिला वाकायला जागा. १९५/८० आर १५ची बाजू १५६ मिलिमीटर उंच असते आणि टायरचा पूर्ण व्यास ६९३ मिलिमीटर होतो. २१५/७५ आर १५मध्ये बाजू १६१ आणि व्यास सुमारे ७०४ होतो. हा बदल गाडीला पेलतो. २३५/७५ आर १५चा व्यास मात्र ७३४च्या जवळ जातो, म्हणजे मूळ मापाहून जवळपास सहा टक्के अधिक. तेवढ्या प्रमाणात गिअर उंच झाल्यासारखे होतात, लहान इंजिनाची ओढ वाळूत नेमकी हवी तेव्हा कमी पडते, स्पीडोमीटर खऱ्याहून कमी वेग दाखवू शकतो आणि टायर बॉडीला घासू नये म्हणून गाडी उचलून घ्यावी लागते. मोठी रिम बसवून बाजू आखूड करण्याचा मोह तर अजिबात धरू नये. आणि काही झाले तरी स्टेपनी त्याच मापाची असावी.

अवजारांच्या बाबतीत एकच सांगते. हवा मोजण्याचे गेज ६० पीएसआयपर्यंतचेच घ्यावे, कारण १५०पर्यंतच्या गेजवर १२ आणि १५ यांतील फरक नीट वाचता येत नाही. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडला जाणारा असावा आणि तो चालू असताना इंजिनही चालू ठेवावे. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावल्यास फ्यूज जाण्याचा संभव असतो.

आपली,
एक सभासद

चौथे पत्र: प्रश्नकर्ते सभासद

काका आणि ताई, आपण दोघांनी इतक्या सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. माझे टायर अजून चांगले असल्यामुळे ते यंदा बदलणार नाही, असे ठरवले आहे. तीन शंका उरल्या आहेत. रस्त्यावरून तापून आलेल्या टायरची हवा काढताना गेजवरचा आकडा तसाच धरावा का? पुढच्या आणि मागच्या चाकांत फरक ठेवावा का? आणि रुतलो तर आधी हवा कमी करावी की आधी फावडे हाती घ्यावे?

पाचवे पत्र: ज्येष्ठ सभासद

सप्रेम नमस्कार.

ताईंचा दगडांविषयीचा मुद्दा रास्त आहे. मी केवळ वाळूचाच विचार केला होता.

टायर तापला की आतील हवेचा दाब वाढतो. १५ पीएसआयच्या आसपास दर १० अंश सेल्सिअसला साधारण १ पीएसआय, आणि २६च्या आसपास त्याहून थोडा अधिक, असा हिशेब धरावा. त्यामुळे रस्त्यावरून येताच गेजवर १५ करून ठेवलेला टायर रात्रीच्या गारव्यात १३ किंवा त्याच्याही खाली दिसेल. त्यात बिघाड काही नाही, मात्र सकाळी निघण्यापूर्वी चारही टायर पुन्हा मोजावेत. उन्हाच्या बाजूचे टायर सावलीतल्या टायरांपेक्षा थोडा अधिक दाब दाखवतात. तेवढ्यावरून त्यांची हवा काढू नये. एखादा टायर मात्र बाकीच्या तिघांपेक्षा सतत मागे पडत असेल, तर कड आणि रिम यांच्यामध्ये वाळू शिरून हवा झिरपत असण्याची शक्यता असते. त्याच्याकडे त्याच वेळी लक्ष द्यावे.

पुढच्या आणि मागच्या चाकांचा प्रश्न सामानावर अवलंबून आहे. दोघेच जण आणि मोजके सामान असेल तर चारही सारखे ठेवावेत. मागच्या बाजूला पाणी आणि तंबू भरले असतील तर मागे १ किंवा २ पीएसआय अधिक ठेवावे. रिमपासून जमिनीपर्यंतची मोजणी पुढे आणि मागे वेगवेगळी करावी म्हणजे हा फरक आपोआपच ठरतो.

रुतल्यावर सर्वांत आधी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा. चाक जागच्या जागी फिरू लागल्यावर प्रत्येक फेरीगणिक गाडी खाली जाते, आणि अ‍ॅक्सल वाळूला टेकला की केवळ हवेने काम भागत नाही. गाडी नुकतीच थांबली असेल तर आपल्याच चाकोरीवरून सावकाश मागे येऊन पाहावे, कारण ती वाळू दबून घट्ट झालेली असते. तेवढ्याने जमले नाही तर फावडे आधी हाती घ्यावे, चाकांसमोरची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू काढावी, मग १० पीएसआयवर येऊन लो रेंजमध्ये (कमी वेग आणि जास्त ओढ देणाऱ्या गिअरांच्या जोडणीत) दुसऱ्या गिअरवर हलक्या पायाने निघावे. गाडीची घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मऊ वाळूत नको त्या क्षणी इंजिनाची शक्ती कापते, म्हणून ती बटण दाबून बंद ठेवावी. दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली, तर दोर चॅसिसवरच्या ठरलेल्या हुकालाच बांधावा. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला तो कधीही बांधू नये, कारण ताणाखाली तुटलेला गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि माणसे दगावतात.

मऊ वाळूत थांबताना ब्रेक दाबू नये. त्याने चाकांसमोर बांध उभे राहतात. पाय काढून गाडी आपोआप थांबू द्यावी, आणि शक्यतो तोंड उताराकडे असताना थांबावे, म्हणजे पुन्हा निघताना फारसा जोर लागत नाही. परतताना डांबरी रस्ता लागताच, तेथून पहिले गाव कितीही जवळ असले तरी, कॉम्प्रेसर काढून चारही टायर २६वर आणावेत आणि व्हॉल्व्हच्या टोप्या वाळू झटकून बसवाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड असताना पुन्हा एकदा मोजावेत, कारण आदल्या संध्याकाळी तापलेल्या टायरांत भरलेली हवा तेव्हा कमी दिसेल.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद