मुंबईत दोन दिवस, नववीतली लेक: जुन्या विज्ञानसंस्था, संग्रहालयं, दप्तरखाने यातलं काय दाखवू?

अकोलेकर_बाप: नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत लेकीला मुंबईला आणतोय. चौपाटी नको, मॉल नको. "जिथं खरंच कोणी बसून नोंदी केल्या, तिथं न्या" असा हुकूम आहे. हातात शनिवार-रविवार. मुक्काम दादरला तिच्या मामाकडे. रेल्वे सोडून दोघांचं बजेट 3000. काय बघावं?

लंडनवारी: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुंबईत काय ठेवलंय? आम्ही गेल्या वर्षी लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात फॅरेडेची प्रयोगशाळा पाहिली. तिथली रॉयल सोसायटी तर 1660 ची. पोरीला एकदा तिकडेच न्या.

गिरगावकर: अहो, 3000 लिहिलंय त्यांनी. त्यात दादर पश्चिमेहून पूर्वेला जाऊन चहा होईल, लंडन कसलं! आणि त्याच रॉयल सोसायटीचा पहिला भारतीय फेलो आमचा मुंबईकर, अर्देशीर करसेटजी वाडिया, 1841. जहाजं बांधणाऱ्या घराण्यातला. माझगावच्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले होते पठ्ठ्याने. अकोलेकर, तुम्ही फोर्टातल्या टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी बघा, जुनं ग्रंथालय आहे. संस्था 1804 ची, टाउन हॉल 1833 चा.

लंडनवारी: पहिले रामानुजन ना?

गिरगावकर: नाही. रामानुजन 1918, दुसरे.

पायरीवरची_मी: एशियाटिकला +1. कॉलेजची तीन वर्षं त्या पायऱ्यांवर काढलीत. इटलीचा कवी दान्ते, त्याच्या काव्याचं जुनं हस्तलिखित आहे तिथे. मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते म्हणे.

निवृत्त_पण_हट्टी: ती मुसोलिनीची गोष्ट चाळीस वर्षं ऐकतोय, कागद कोणी दाखवत नाही. आणि ते हस्तलिखित काय रोज काचेत मांडून ठेवत नाहीत. मुळात मुलीला विज्ञान हवंय, पोथ्या नव्हे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सांगा की! 1883 साली आठ जणांनी काढली. त्यात दोघे आपले, दोघेही डॉक्टर: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. तिथे विल्यम नावाचा धनेश, म्हणजे इंग्रजीत हॉर्नबिल, पाळला होता, म्हणून इमारतीचं नाव हॉर्नबिल हाउस.

पायरीवरची_मी: पोथ्या म्हणून नाक मुरडू नका. नकाशे, नाणी, सोपाऱ्याच्या स्तूपातले अवशेष, सगळं एशियाटिककडेच आलं.

मिसळ_मंडळ: फोर्टात जाताय तर जेवणाचं काय ठरवलंय? बजेट वाढवा, इराण्याकडे बसा.

पेन्सिलवाला: अरे, शनिवार-रविवार म्हणतायत ते! वाचतंय का कोणी? हॉर्नबिल हाउस हे कार्यालय आहे, तिथले नमुने अभ्यासकांना, तेही आधी परवानगी काढून. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्याचं पुराभिलेखागार सरकारी. 2020 पासून सरकारला पाच दिवसांचा आठवडा. मी एकदा पहाटेची गाडी पकडून पुण्याहून एका दप्तरखान्यात पोचलो, दारावर हे मोठं कुलूप. चूक माझीच, वार बघितला नव्हता. कुठल्याही दप्तरखान्यात जाताना ओळखपत्र आणि पेन्सिल न्या, शाईचं पेन जुन्या कागदांजवळ चालत नाही. रविवारी उघडं हवं तर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. किंवा शुक्रवारी या.

गिरगावकर: मीही तेच म्हणणार होतो, वास्तुसंग्रहालय बघा. पण आधी एशियाटिक.

खाडीपलीकडचा: नोंदी म्हणताय म्हणून सांगतो. कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं सुरू झाली. सप्टेंबर 1859 चं ते प्रसिद्ध सौरवादळ आलं, पृथ्वीचं चुंबकत्व हललं, तेव्हा कुलाब्याच्या माणसांनी हाताने आकडे टिपले. आजही जगभरचे अभ्यासक ते काढून बघतात. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची बिथरणार, मग वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी चुंबकत्वाच्या मोजमापांचं बिऱ्हाड अलिबागला हलवलं. 1904 ते 1906 दोन्हीकडे बरोबरीने नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका तुटायला नको. अलिबागची इमारत पोरबंदरी दगडाची, लोखंड टाळून बांधलेली. ट्राम धावली 1907 ला. नोंदी अजून चालू आहेत.

निवृत्त_पण_हट्टी: अलिबाग म्हणजे मुंबई नव्हे.

मिसळ_मंडळ: अलिबागला जाताय तर पांढरा कांदा आणा.

खाडीपलीकडचा: दिवाळीत कांदा कुठला? तो उन्हाळ्यात.

अकोलेकर_बाप: सगळ्यांचे आभार. लेकीने धागा वाचला आणि यादी फाडली. "ट्रामला घाबरून वेधशाळा पळाली?" एवढंच धरून बसली आहे. शनिवारी गेटवेहून मांडव्याची बोट, तिथून बसने अलिबाग. बजेटात बसतंय. आत सोडतात का ते उद्या फोन करून विचारतो. नाही सोडलं तर कुंपणाबाहेर उभं राहून होकायंत्र लावणार म्हणते. माझं म्हणणं एशियाटिकचं होतं, पण विचारतो कोण.

गिरगावकर: अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला करणार असाल तर ओहोटीची वेळ बघा. चालत जाल आणि तिकडेच अडकाल.

लंडनवारी: वेधशाळाच बघायची तर ग्रीनिचला आहे बरं का.