मदत हवी आहे: बीटल्सचं मोनो कुठल्या रूपात घ्यावं?

मंडळी, 'सार्जंट पेपर' (१९६७) हा त्यांचा अल्बम आजवर स्टिरिओतच (डाव्या-उजव्या स्पीकरमधून वेगवेगळा आवाज) ऐकला होता. परवा मोनो (सगळा आवाज एकाच चॅनलमध्ये मिसळलेला) ऐकला आणि थक्क झालो. त्यातलं 'शीज लीव्हिंग होम' हे गाणं मोनोत चक्क जलद आहे, सूरही जवळपास अर्ध्या स्वराने वर! माझ्या कानाला तेच खरं वाटतं. 'व्हाइट अल्बम'मधल्या 'हेल्टर स्केल्टर'चं उलट: मोनोत शेवटची ड्रमर रिंगोची आरोळीच नाही, तिथे मला स्टिरिओ हवा.

आता मोनो संच घ्यायचाय. २००९च्या सीडी घ्याव्यात की २०१४च्या, अ‍ॅनालॉग टेपवरून थेट (डिजिटल न करता) कोरलेल्या एलपी तबकड्या? माझ्या टर्नटेबलला स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आहे. अ‍ॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबून भागेल, की मोनो कार्ट्रिजने खरखर खरंच कमी होते? दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.