निर्यातबंदीला विरोध आणि हमीभावाची मागणी: मर्यादित सरकारच्या विचारात दोन्ही बसतात का?

विहंग, पुणे (प्रश्न)

व्यक्तिस्वातंत्र्य, खुली बाजारपेठ आणि मोजके अधिकार असलेले सरकार या विचाराची महाराष्ट्रातली सर्वांत ठाम मांडणी शेतकऱ्यांच्या आंदोलनातून झाली. 1980 च्या चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आलेल्या शरद जोशींनी 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि सरकारने शेतीच्या व्यवहारातून हात काढून घ्यावा, अशी भूमिका उघडपणे घेतली. आज मात्र मोर्चांची निवेदने वाचताना ‘निर्यातबंदी कायमची हटवा’ आणि ‘हमीभावाचा कायदा करा’ या दोन्ही मागण्या एकाच कागदावर आढळतात. पहिली मागणी सरकारला बाजाराबाहेर थांबायला सांगते, तर दुसरी त्याच सरकारला आत बोलावून किंमत ठरवायला लावते. ही विसंगती आहे, की यामागे काही सुसंगत तर्क आहे? आणि सरकार मर्यादित असावे असे मानणाऱ्याने रेघ नेमकी कोठे ओढावी? घोषणांपलीकडचे उत्तर मिळाले तर आभारी राहीन.

चाळकरी, निफाड तालुका

विहंगराव, आपली शंका रास्त आहे, पण आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केंद्र सरकार ज्या 22 पिकांना किमान आधारभूत किंमत, म्हणजेच हमीभाव, जाहीर करते, त्यांत कांदा नाही. म्हणजे कांदा उत्पादकाच्या वाट्याला बंदी येते, हमी येत नाही.

बंदी कशी येते तेही पाहावे. 2019 च्या सप्टेंबरात निर्यात बंद झाली आणि 2020 च्या मार्चात खुली झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा बंद झाली आणि 1 जानेवारी 2021 पासून पुन्हा खुली झाली. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागले आणि 8 डिसेंबरला पूर्ण बंदी आली. मे 2024 मध्ये ती उठली, पण टनामागे 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क कायम राहिले; सप्टेंबरात शुल्क निम्म्यावर आले आणि 1 एप्रिल 2025 पासून शून्य झाले. एवढ्या काळात आमच्याकडे खरीप, रांगडा आणि उन्हाळ अशा तिन्ही हंगामांची लागवड होतच होती आणि प्रत्येक लागवडीचा हिशेब वेगळ्या नियमावर मांडावा लागत होता.

डिसेंबरातली बंदी सर्वांत जड का जाते, हे शहरात फारसे माहीत नसते. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने थांबतो. घट येते, काही सडतो, तरी शेतकऱ्याला वाट पाहता येते. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. त्याची पात कापली की तो थांबत नाही, त्याला मोड येतात. ट्रॅक्टर भरून लिलावाच्या ओळीत उभा राहिलेला माणूस बंदीच्या बातमीनंतर माल परत नेऊ शकत नाही, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते, आणि बोली तिथूनच सुरू होते. 8 डिसेंबर 2023 च्या त्या शुक्रवारी नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पाडले गेले, रास्ता रोको झाले, कारण मालकाच्या हातात दुसरे काहीच उरले नव्हते.

राहिला आपला विसंगतीचा मुद्दा. सरकार एका हाताने भाव पाडत असेल, तर दुसऱ्या हाताने भरपाई मागणे यात मला विसंगती दिसत नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार 2000 ते 2016 या काळात भारतातील धोरणांमुळे शेतकऱ्यांचे ढोबळ उत्पन्न दरवर्षी सरासरी 14 टक्क्यांनी घटले, आणि ही आकडेवारी खत-विजेची अनुदाने जमेस धरून काढलेली आहे. आमच्या चळवळीत याला ‘उणे सबसिडी’ म्हणतात. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेचा अर्थही तोच आहे: जे काढून घेता ते घेऊ नका, मग काही द्यायचीही गरज उरणार नाही.

अधिवक्ता, छत्रपती संभाजीनगर

चाळकरींशी मी बहुतांशी सहमत आहे, तथापि भरपाईची मागणी कायमच्या कायद्यात घालणे हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथे माझा विरोध आहे. हमीभावाखाली खरेदी करणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा कायदा झाला, तर मंदीच्या वर्षी व्यापारी खरेदीच थांबवील आणि एकटे सरकारच ग्राहक उरेल. महाराष्ट्राने 1972 पासून कापसाच्या एकाधिकार खरेदीत एकट्या ग्राहकाचा अनुभव तीन दशके घेतला आहे. खरेदी केंद्रांबाहेर उभ्या राहणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगा आणि राज्याच्या सीमेवर कापूस अडवणारे नाके विदर्भातल्या जुन्या लोकांना आठवत असतील. स्वतःचा कापूस शेजारच्या राज्यात चांगल्या भावाने विकणे हा तेव्हा गुन्हा होता.

रेघ कोठे ओढावी याचे कायदेशीर उत्तर राज्यघटनेतच शोधता येते. व्यवसाय-स्वातंत्र्य अनुच्छेद 19(1)(छ) मध्ये आहे आणि त्यावरील निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, अशी अट 19(6) मध्ये आहे. ही अट न्यायालयात तपासता आली असती तर बरेच काम झाले असते. परंतु 1951 च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट आणले आणि त्यात टाकलेला कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीपासून सुरक्षित झाला. जमीनदारी संपवण्यासाठी उघडलेल्या या कपाटात पुढे अनेक कायदे ठेवले गेले. 1955 चा आवश्यक वस्तू कायदा 1976 मध्ये तेथे गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या कोएल्हो निकालानंतर, 24 एप्रिल 1973 नंतर परिशिष्टात गेलेले कायदे संविधानाच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतात, हे खरे. मात्र तो मार्ग लांबचा आणि खर्चाचा आहे. दरम्यान 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला आणि तो अनुच्छेद 300-अ मधील साधा कायदेशीर हक्क झाला.

एक फरक येथे नोंदवतो, कारण चर्चेत तो हमखास गाळला जातो. साठवणुकीची मर्यादा आवश्यक वस्तू कायद्याखाली येते. निर्यातबंदी मात्र 1992 च्या विदेश व्यापार कायद्याखालील अधिसूचनेने येते. त्यामुळे आवश्यक वस्तू कायदा उद्या रद्द झाला, तरी निफाडच्या बांधावर बंदी येण्याचा रस्ता मोकळाच राहील. शेतकऱ्यांना बांधून ठेवणारे कायदे रद्द करा, असा किसानपुत्र आंदोलन या चळवळीचा आग्रह मला मान्य आहे, पण यादी अपुरी राहू नये.

माझ्या मते कसोटी कायदा कोणाच्या लाभाचा आहे ही नसावी. आधी ठरलेला, सर्वांना सारखा लागू होणारा नियम आहे, की मर्जीनुसार कधीही वापरता येणारा अधिकार आहे, हे पाहावे. निर्यातबंदी दुसऱ्या प्रकारात मोडते आणि बहुतेक वेळा हमीभावाची खरेदीसुद्धा तिथेच मोडते.

वऱ्हाडी, कारंजा (लाड)

बाजार खुला केला की शेतकरी मुक्त झाला, हे मला तितके सरळ वाटत नाही. आमच्या वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी 1897 साली कायदा झाला. काटा मारणे, मनमानी कपात, रुमालाखाली बोटे दाबून होणारा सौदा अशा प्रकारांना आळा घालण्यासाठीच पुढे नियंत्रित बाजार आणि उघड लिलाव आले. जिथे दोन-चार व्यापारी आपसांत ठरवून बोली लावतात, तिथे सरकार दूर गेले म्हणून स्पर्धा आपोआप उगवत नाही.

शिवाय शहरातल्या हातावर पोट असलेल्या माणसाचे काय? 1998 मध्ये कांदा महागला आणि दिल्लीतल्या विधानसभा निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. मत देणाऱ्यांमध्ये खाणारे नेहमीच पिकवणाऱ्यांपेक्षा जास्त असतात, मग लोकशाही सरकार स्वस्थ बसेल अशी अपेक्षा तरी कशी करायची?

चाळकरी, निफाड तालुका

वऱ्हाडी, प्रामाणिक वजनकाटा, उघड लिलाव आणि वेळेवर चुकारा ही कामे सरकारची आहेत, हे मी मान्य करतो. मर्यादित सरकार म्हणजे झोपलेले सरकार, असे येथे कोणी म्हटलेले नाही. 2016 मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तरी आमच्यापैकी बरेच जण समितीच्या आवारातच माल नेतात, कारण तिथे पैसे बुडण्याची भीती कमी वाटते. जाणारा माणूस आपल्या मर्जीने जातो, हा फरक मात्र मोठा आहे. 1963 च्या कायद्याने समिती दिली त्याला आमची हरकत नव्हती. दुसरीकडे विकायला मनाई केली त्याला होती.

शहरातल्या गरिबाला कांदा स्वस्त द्यायचा असेल, तर तो सरकारने बाजारभावाने विकत घेऊन आपल्या तिजोरीतून स्वस्त द्यावा. माझ्या ट्रॅक्टरमधून परस्पर देऊ नये. आणि शुल्क लावायचेच असेल, तर ज्या हंगामाला ते लागू होणार त्याचे बी रोपवाटिकेत पडण्यापूर्वी जाहीर करावे आणि माल विकून होईपर्यंत बदलू नये. एवढे झाले तरी हमीभावाच्या निवेदनावरची माझी सही मी स्वतः काढून घेईन.