मदत हवी आहे: लेक युगांडाला निघालीय, पिवळ्या तापाची लस कुठं मिळेल?

नमस्कार मंडळी. आम्ही अंबाजोगाईचे. लेक एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. सुट्टीत तीन आठवडे युगांडातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात सेवेला जाते म्हणतेय. (आजी म्हणते, सेवाच करायची तर केज-धारूरच्या वाड्या काय कमी पडल्या?)

पिवळ्या तापाची लस किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, तीही सरकारमान्य केंद्रावरच. लस घेतल्याचं कार्ड नसलं तर परत येताना आपल्याच विमानतळावरून 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात. संभाजीनगरला सोय आहे का, की थेट मुंबई-पुणं गाठावं?

खरी धाकधूक वेगळीच आहे. तिथं टाके घालायला, बाळंतपणं करायला विद्यार्थ्यांनाच पुढं करतात म्हणे. इथं एकटीनं ज्याला हात लावू देत नाहीत, ते तिथं कसं चालतं? कुणाची लेकरं जाऊन आली असतील तर सांगा.